नानकटाई, तानपुरा आणि आमचा 'फॅमिली ग्रुप'

मैत्रिणींनो, तुमच्या घरात बोलाचाली कुठं होते? पूर्वी ती स्वयंपाकघरात व्हायची, फार तर सोप्यात. भांड्याला भांडं लागायचं, आवाज व्हायचा आणि रात्री त्याच भांड्यांतून सगळ्यांना आमटी वाढली जायची. आता ती फोनवर होते. आवाज नाही, आदळआपट नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही, की आपल्या घरात आत्ता काहीतरी मोडलं.

आमच्या घरात ते माझ्या हातून मोडलं. त्याचीच ही हकिकत. सांगायला थोडी लाज वाटते, पण तुमच्यापैकी कुणाचं तरी बोट वेळेवर थांबेल, म्हणून सांगते.

आमच्या सासरच्या मंडळींचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. मिरजेचे आम्ही, सांगलीच्या वन्सं, पुण्याचे चुलतदीर, कोल्हापूरच्या आत्या आणि त्यांची नातवंडं, अशी सव्वीस माणसं. सकाळी सुप्रभात, दुपारी कुणाची तरी भाजी, रात्री जुनी नाट्यगीतं. एकूण बरं चाललं होतं.

2024 च्या ऑक्टोबरातली गोष्ट. विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या. आपल्याकडे मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना त्याच वर्षी सुरू झालेली. 21 ते 65 वयाच्या, ज्यांच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे अशा बायकांच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये जमा होऊ लागले होते. त्यावरून फोनवर विनोदांचा नुसता पाऊस पडत होता. त्यांतला एक मला कुणीतरी पाठवला. पंधराशे रुपयांत मत विकणाऱ्या बायकांची टिंगल होती त्यात. मला हसू आलं. गॅसवर दूध होतं, एक डोळा दुधावर, एक फोनवर. मी तो तसाच घरच्या ग्रुपवर ढकलला. वर हसण्याची तीन चित्रं माझ्या पदरची.

पाच मिनिटांत वन्संची एक ओळ आली : "माझ्याही खात्यात आलेत."

आणि खाली करड्या अक्षरांत दिसलं, की वन्सं ग्रुपमधून बाहेर पडल्या.

दूध उतू गेलं ते मला कळलंच नाही.

रिकामा डबा

वन्सं ह्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. यजमान गेल्याला सात वर्षं झाली. सांगलीत दोन खोल्यांच्या घरात ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. मुलगी एकच, तिला त्यांनी त्याच मशीनवर नर्सिंगपर्यंत शिकवलं. स्वाभिमानी इतक्या, की आमच्याकडे आल्या तर रिक्षाचे पैसेही ह्यांना देऊ देत नाहीत. त्या अर्ज भरतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. पण खरं सांगायचं, तर ते माझ्या मनात यायला हवं होतं. मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते. दुसऱ्याचं पाहून लिहिलेला निबंध मुलांनी आणला, तर परत करते. आणि मी स्वतः काय केलं? कुणी लिहिलं, का लिहिलं, कुणाला लागेल, कसलाही विचार न करता जसंच्या तसं उतरवून पुढं दिलं.

त्या वर्षी भाऊबिजेला वन्सं आल्या नाहीत. "ब्लाऊजांची गर्दी आहे," असं ह्यांना फोनवर म्हणाल्या. हे काही बोलले नाहीत, पण ओवाळायचं ताट दिवसभर तसंच राहिलं. दर दिवाळीला सांगलीहून नानकटाईचा डबा यायचा, तोही आला नाही. मिरज आणि सांगली ह्यांत अंतर ते किती? जेमतेम दहा किलोमीटर. शहर बस, रिक्षा, काय हवं ते मिळतं. पण वर्षभर ते दहा किलोमीटर कुणी ओलांडले नाहीत.

मी फोन केला नाही असं नाही. दोनदा केला. "झालं गेलं, सोड," असं त्या म्हणाल्या. "सोड" हा शब्द किती प्रकारांनी म्हणता येतो, हे तुम्हाला सांगायला नको. 2025 च्या उन्हाळ्यात भाची जर्मनीला, स्टुटगार्टला एका इस्पितळात कामाला गेली, तेही आम्हाला तिच्या 'स्टेटस'वर विमानतळाचा फोटो पाहून कळलं. सख्ख्या मामाला! त्या दिवशी हे जेवले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या वर्षात गप्प झाली. सासूबाईंचा तानपुरा.

मिरजेचं लेणं

मिरजेत राहून तानपुऱ्याचं कौतुक सांगायचं म्हणजे नाशिककरानं द्राक्षांचं सांगण्यासारखं. पण बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. आमच्याकडे ही वाद्यं बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारींचा जमाना संपला, तसे त्यांचे हात सतार-तानपुऱ्याकडे वळले. भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूनं. आधी ते महिनोन् महिने वाळवायचे, मग कापायचे, घडवायचे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. 1937 साली ते गेले, आणि इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. उरुसात तिथं रात्र-रात्र गाणं होतं. तिथं शेजारी कोण बसलंय, कुठल्या जातीचं, कुठल्या पक्षाचं, हे कुणी विचारत नाही. सरकून जागा तेवढी देतात.

खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर ह्यांचा जन्मही मिरजेचाच, 1905 सालचा. ज्या काळी घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं म्हणजे पाप, त्या काळी त्यांनी जाहीर मैफिली केल्या, आणि त्यांना माणसं तिकीट काढून यायची. आमच्या सासूबाई हिराबाईंचं नाव घेताना कानाला हात लावायच्या. सासूबाईंचं स्वतःचं गाणं भजनी मंडळापुरतं. पण तानपुरा त्यांनी हौसेनं घेतला होता आणि लेकीला शिकवलं होतं. सासूबाई गेल्यावर तो लावायचा कुणी? वन्संनीच. त्या आल्या की आधी गवसणी काढायच्या, खुंट्या पिळायच्या, घोडीवरच्या तारेखालचा दोरा जरा इकडं, जरा तिकडं करायच्या. मग एकदम आवाज उमलायचा. तो केसाएवढा दोरा नसेल, तर तार नुसती टणटण वाजते. मला ते कधी साधलं नाही. वर्षभर तानपुरा गवसणीत कोपऱ्यात उभा होता. मी फक्त धूळ झटकत होते.

भांडायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं

आमच्या ग्रुपवर त्या प्रकारानंतर लगेच फर्मान निघालं : 'इथं राजकारण नको.' चुलतदिरांनी काढलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. पण मनाला पटेना.

कारण आमच्या घरात राजकारण नव्हतं कधी? सासूबाई सांगायच्या, त्यांचं लग्न 1976 सालचं, आणीबाणीतलं. दुसऱ्याच वर्षी निवडणूक. मामंजी रेल्वेत, काँग्रेसचे. सांगली म्हणजे वसंतदादांचं गाव, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. त्यांचे धाकटे भाऊ जनता पक्षाचे. रात्री दोघांची इतकी जुंपायची, की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागायचं. नवी नवरी घाबरून स्वयंपाकघरात. मग आजेसासूबाई आतून म्हणायच्या, "भाकरी गार होतीय." दोघंही पाटावर. एकाच काटवटीतल्या भाकरी. ठसका लागला की एकानं दुसऱ्याला पाणी द्यायचं. सकाळी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं की सामना पुढं चालू!

आता बघा, ते भांडत होतेच. पण समोरच्याच्या कपाळावरची शीर दिसत होती. कुठं थांबायचं ते कळत होतं. आणि मुख्य म्हणजे, जे बोलायचे ते स्वतःचं बोलायचे. कुणीतरी तिसऱ्यानं रचलेलं भाषण एकमेकांच्या अंगावर फेकत नव्हते.

म्हणून 'राजकारण नको' हे मला आपलं बायकांच्या तोट्याचं वाटतं. पाण्याचा टँकर दोन दिवसांनी का येतो, शाळेत शिक्षक का कमी, रेशनवर काय मिळतं, हे राजकारणच आहे, आणि ते आपल्याच ओट्याशी येऊन ठेपतं. आपल्या राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. पण 2024 च्या विधानसभेत 288 आमदारांत बायका निवडून आल्या त्या फक्त 21. 2023 साली संसदेनं लोकसभा-विधानसभांत एकतृतीयांश जागांचा कायदा केला, पण त्याची अंमलबजावणी त्यातच जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतरवर ठेवली. ह्या सगळ्यावर बायकांनी घरात तोंड उघडायचं नाही, तर कुठं? माझी चूक राजकारण बोलले ही नव्हती. न बोलता ढकललं, ही होती.

स्टुटगार्टची पसरट नानकटाई

गेल्या दिवाळीआधीचा एक रविवार. 2025 चा ऑक्टोबर. दुपारी अडीचच्या सुमारास भाचीचा व्हिडिओ फोन. तिच्याकडे सकाळचे अकरा. कपाळाला पीठ, पाठीमागे ओव्हन.

"मामी, आजीची वही तुझ्याकडेच ना? माझी नानकटाई तिसऱ्यांदा पसरली. नुसती पोळी झालीय."

वही काढली. सासूबाईंचं टपोरं अक्षर. मैदा दोन वाट्या, पिठीसाखर एक वाटी, आणि पुढं काय, तर 'तूप मावेल तितकं'! घ्या आता. मावेल म्हणजे किती, हे एका माणसालाच ठाऊक. सासूबाईंच्या शेजारी बसून ज्यांनी ते वर्षानुवर्षं फेसलं, त्यांना.

"थांब हं, आईलाच घेते," म्हणत तिनं तिथून काय दाबलं कोण जाणे, माझ्या फोनवर तिसरा चौकोन उघडला. त्यात वन्सं. गळ्यात टेप, नाकावर नवा चष्मा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. ही पोरगी वाटते तितकी साधी नाही, हे मला तेव्हा उमगलं.

पहिली काही मिनिटं आम्ही दोघी तिच्याशीच बोललो, एकमेकींशी नाही. पण नानकटाई अशी वस्तू आहे, की तिच्यावर गप्प बसवत नाही. वन्संनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली.

तूप कसलं? तिथं लोणी कढवून केलेलं तूप दुकानात मिळतं, तेच आणलेलं. पण तिनं ते वितळवून घातलं होतं. "तिथंच चुकलं! थिजलेलं घ्यायचं आणि पांढरं होईपर्यंत फेसायचं. पातळ तूप पसरणारच."

पीठ कसलं? तिथं पिठाच्या पुड्यावर आकडे असतात. 405 आकड्याचं पीठ सगळ्यांत बारीक, आपल्या मैद्याच्या जवळचं. ते बरोबर होतं.

सोडा? इथं घोळ निघाला. तिकडं बेकिंग पावडर छोट्या पुड्यांत येते, एक पुडी अर्धा किलो पिठाची. हिनं दोन वाट्या मैद्याला अख्खी पुडी ओतलेली! खायचा सोडा तिकडं 'नाट्रोन' ह्या नावानं वेगळा मिळतो, हे तिला नर्सबाई असून ठाऊक नव्हतं.

आणि ओव्हन? तो तर तिनं नानकटाई आत ठेवल्यावर लावला होता. वन्संनी कपाळावर हात मारला. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात आम्ही दोघी एकदम सापडलो.

चौथा घाणा आत गेला. आता पंधरा-सोळा मिनिटं थांबायचं. सासूबाईंच्या काळी आमच्याकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेचा डोळा असलेला. त्याला घड्याळ कुठलं! त्या विविध भारती लावायच्या. चार गाणी आणि मधल्या जाहिराती झाल्या, की झाकण उघडायचं. भाची म्हणाली, "आई, तू आजीचा तो अभंग म्हण ना. गाण्यावरच वेळ मोजू."

वन्संनी सुरुवात केली. मीही धरला. तिकडून भाचीनंही. आणि काय गंमत! तिघींचं काही जुळेचना. फोनवरून आवाज जायला-यायला क्षणभर लागतो. आमची सम गेल्यावर तिची येणार, तिची ऐकून आम्ही थांबणार. नुसता गोंधळ. शेवटी वन्संच म्हणाल्या, "फोनवर सगळ्यांनी एकदम गायचं नसतं ग. एकीनं म्हणावं, बाकीच्यांनी ऐकावं."

त्यांनी म्हटलं. आम्ही ऐकलं. अभंग संपल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वन्सं, मी चुकले. मी न वाचताच हसले."

त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मला पैशांवरून बोललीस ह्याचं नाही लागलं. ते सगळेच बोलतात. पैसे घेतले म्हणजे मत दिलं, असं तू कसं धरलंस? मी मत कुणाला दिलं, ते माझ्या आईलासुद्धा सांगितलं नसतं." आणि नाकावरचा चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "हा त्या पैशांतला. दोन वर्षं सुईत दोरा शेजारच्या पोरीकडून ओवून घेत होते."

मैत्रिणींनो, ती योजना बरी की वाईट, त्यापेक्षा हाताला काम द्यावं की नाही, तिजोरीला ते पेलणार का, ह्यावर दोन मतं असू शकतात. माझी आहेत, वन्संचीही आहेत. नंतर आम्ही त्यावर तासभर कडाक्याचं भांडलोही. पण त्या विनोदात चष्मा कुठं होता?

स्टुटगार्टला ओव्हन उघडला. नानकटाई फुगली होती, वर छान भेगा पडल्या होत्या. खायला मात्र तिच्याजवळ कुणी नव्हतं. तेव्हा तिचा चेहरा जरा उतरला. ती म्हणाली, "वासच नाही ग येत तुम्हाला तिकडं." खरंच. फोनवरून सगळं जातं, वास जात नाही.

त्या भाऊबिजेला वन्सं आल्या. डबा घेऊन आल्या. ह्यांना ओवाळलं, आणि हात धुऊन आधी गवसणी सोडली. तारा गंजल्या होत्या, दोन बदलाव्या लागल्या. ग्रुपवर त्या अजून परतलेल्या नाहीत. "मला नको बाई तो बाजार," म्हणतात. असू दे. दर पंधरा दिवसांनी रविवारी येतात, ते मला पुरेसं आहे.

आमच्या घरचे तीन नेम

ह्यातून मी स्वतःपुरते काही नेम केलेत. पटले तर घ्या.

एक : जे मी त्या माणसाच्या तोंडावर, चहाचा कप हातात देताना म्हणू शकणार नाही, ते फोनवर पाठवायचं नाही.

दोन : मत असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. दोन ओळी का असेनात. आयतं आलेलं पुढं ढकलायचं नाही. लिहायला बसलं की निम्मा राग तिथंच उतरतो.

तीन : कुणी ग्रुप सोडून गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जायचं. मी वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका.

म्हणून ही घ्या कृती. 'मावेल तितकं' तूप आता वन्संनी मोजून दिलंय.

नानकटाई : मैदा 2 वाट्या, पिठीसाखर 1 वाटी, थिजलेलं साजूक तूप पाऊण वाटी (पीठ फारच कोरडं वाटलं तर आणखी एक-दोन चमचे), बेसन 2 मोठे चमचे, बारीक रवा 2 मोठे चमचे, खायचा सोडा पाव चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळाची पूड.

तूप परातीत तळहातानं पांढरं, हलकं होईपर्यंत फेसावं. साखर घालून पुन्हा फेसावं. मैदा, बेसन, सोडा, मीठ एकत्र चाळून रव्यासह त्यात मिसळावं आणि वेलची-जायफळाची पूड घालावी. पोळीच्या कणकेसारखं मळू नये, नुसतं गोळा करावं. अर्धा तास झाकून ठेवावं. लिंबाएवढे गोळे किंचित चपटे करून पत्र्यावर अंतरा-अंतरानं मांडावेत. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं भाजावं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकणासह दहा मिनिटं तापवावी आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजावं. बाहेर काढताना नानकटाई मऊ लागते, ती कच्ची समजून पुन्हा आत घालू नये. गार झाली की खुसखुशीत होते.

एवढ्यात साधारण पंचवीस होतात. दहा घरी ठेवा. बाकीच्या डब्यात भरा आणि ज्यांच्याशी बोलणं थांबलंय त्यांच्याकडे निघा. फोन घरीच राहिला तरी चालेल.